लॉनवरचा गॅस हीटर : पेटवण्याआधी काय पाहायचं आणि तंबूत का न्यायचा नाही

तुळशीचं लग्न लागलं की जिल्ह्यात लग्नसराई सुरू होते, पाठोपाठ थंडीही येते. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला, ही बातमी सकाळी सकाळी मोबाइलवर फिरू लागते. अशा रात्री लग्नाच्या लॉन्सवर, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतल्या हॉटेलांत, इगतपुरी-त्र्यंबकच्या रिसॉर्टवर आणि अलीकडे हुरडा पार्टीच्या शेतावरही एक वस्तू दिसू लागली आहे. माणसापेक्षा उंच स्टीलचा खांब, वर पत्र्याची गोल छत्री आणि छत्रीखाली लालबुंद तापलेली जाळी. हाच गॅसवर चालणारा पॅटिओ हीटर. आपल्याकडे नुसता ‘गॅस हीटर’ किंवा ‘छत्रीवाला हीटर’ म्हटलं तरी कळतं.

शेकोटीचा धूर नाही, राख नाही, बटण फिरवलं की ऊब. म्हणून तो पसंत पडतो. पण बहुतेक ठिकाणी हा हीटर भाड्याने येतो. सोबतचं माहितीपत्रक कधीच हरवलेलं असतं, आणि तो पेटवायचं काम ज्या पोराने दुपारी खुर्च्या लावल्या त्याच्याच गळ्यात पडतं. त्याला कोणी काही सांगितलेलं नसतं. खाली दिलेली माहिती त्या पोरासाठी आहे, लॉन आणि कृषी पर्यटन केंद्र चालवणाऱ्यांसाठी आहे आणि ज्यांच्या घरचं कार्य आहे त्यांच्यासाठीही.

हीटर चालतो कसा?

बुडात गॅसची टाकी, तिच्यावर रेग्युलेटर, तिथून नळी वर नॉबपर्यंत आणि पुढे बर्नरपर्यंत जाते. बर्नरची ज्योत भोवतीची जाळी तापवते. जाळी लाल झाली की उन्हासारखी उष्णता फेकते आणि वरची छत्री ती खाली परतवते. ही उष्णता हवेला फारशी तापवत नाही, थेट अंगाला लागते. त्यामुळे हीटरच्या भोवती तीन-चार पावलांवर बसलं तर ऊब मिळते, दहा पावलांवर काही कळतसुद्धा नाही.

हे नीट समजून घ्यावं, कारण बहुतेक चुकीचं इथूनच सुरू होतं. ‘गरम हवा बाहेर जाते’ असं समजून लोक मांडवाच्या चारही बाजूंनी कनाती ओढून घेतात. खोली गरम करायला हीटर आत ओढतात. ज्या यंत्राचं काम हवा गरम करण्याचं नाहीच, त्याच्यासाठी हवा कोंडून फायदा शून्य आणि धोका मात्र पुरा.

आत का नाही न्यायचा?

मोठा छत्रीवाला हीटर साधारण ११ ते १४ किलोवॅटचा असतो. पूर्ण ज्योतीवर तो तासाला सुमारे एक किलो गॅस जाळतो. घरची शेगडी दिवसभराच्या स्वयंपाकाला जेवढा गॅस खाते, त्यापेक्षा जास्त हा एका तासात संपवतो. एक किलो गॅस नीट जळायला साधारण १२-१३ घनमीटर हवा लागते. दहा बाय बाराच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत एकूण हवा असते ३४ घनमीटरच्या आसपास. चार माणसांच्या तंबूत तर याच्या चौथाईही नसते. म्हणजे दार-खिडक्या बंद केलेल्या खोलीत अर्ध्या तासातच ऑक्सिजन ओळखू येईल इतका कमी होतो, आणि तंबूत त्याच्या कितीतरी आधी.

ऑक्सिजन कमी पडला की गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होतो. न्हाणीघरातल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या, बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेलं कुटुंब सकाळी उठलंच नाही अशा बातम्या आपण वाचतो, त्यात मारणारा वायू हाच. त्याला रंग नाही, वास नाही. गॅस गळतीचा जो घाण वास ओळखीचा आहे, तो टाकीतल्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला असतो. गॅस जळल्यावर तो वास राहत नाही. त्यामुळे ‘वास आला तर कळेलच की’ हा भरवसा इथे कामाचा नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत असतो, पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधल्या दामन या थंड हवेच्या ठिकाणी केरळमधून फिरायला गेलेल्या आठ जणांचा असाच जीव गेला. त्यात चार लहान मुलं होती. कडाक्याच्या थंडीत त्यांच्या खोलीत गॅस हीटर लावलेला होता आणि दार-खिडक्या आतून बंद होत्या.

पार्टीच्या ठिकाणी आणखी एक घोळ होतो. या विषबाधेची लक्षणं म्हणजे डोकं जड होणं, चक्कर, मळमळ, उलटी, बोलण्यात गोंधळ, झोप अनावर होणं. हुरडा पार्टीत किंवा तंबूत मुक्कामी असलेल्या मंडळींमध्ये एखाद्याला असं झालं तर बाकीचे म्हणतात, ‘जास्त झालीय, झोपू दे त्याला.’ जवळ हीटर, शेगडी किंवा जनरेटर चालू असेल तर झोपू द्यायचं नाही. माणसाला उघड्यावर आणायचं, हीटर बंद करायचा आणि १०८ ला फोन लावायचा. रुग्णवाहिकेत आणि दवाखान्यात ‘गॅसचा हीटर चालू होता’ हे आधी सांगायचं, कारण उपचार ऑक्सिजनचा असतो आणि बाहेरून पाहून डॉक्टरलाही हे सहज ओळखू येत नाही. एकाच ठिकाणी झोपलेल्या दोघा-तिघांचं एकदम डोकं दुखू लागलं, तर दुसरी शंका काढत बसूच नये.

मांडवात लावायचा असेल तर किती उघडं हवं? परदेशी बनावटीच्या हीटरच्या माहितीपत्रकात भिंतींच्या एकूण क्षेत्रफळापैकी किमान चौथा हिस्सा उघडा असावा असं लिहिलेलं असतं. आपल्या चौकोनी मांडवात याचा अर्थ किमान एक बाजू पूर्ण मोकळी. समोरासमोरच्या दोन बाजू मोकळ्या असतील तर अधिक चांगलं, हवा आरपार जाते. वारा झोंबत असेल तर वाऱ्याच्या दिशेची एक कनात सोडावी, चारही नाही. खोली, तंबू, शेडनेटला प्लास्टिक लावून केलेलं जेवणघर, वऱ्हाडाला उतरायचा हॉल, पॉलिहाऊस, गाडीचा टप, यांतल्या कुठेही हा हीटर पेटवायचा नाही. ‘दार किलकिलं ठेवलंय’ म्हणूनही नाही.

आणि कोणी तो गोठ्यात किंवा कोंबड्यांच्या शेडमध्ये लावायच्या विचारात असेल, तर तेही नको. पिल्लांसाठीचा गॅस ब्रूडर वेगळा असतो. भाताचं तूस आणि भुसा पसरलेल्या जमिनीवर छत्रीवाला हीटर म्हणजे आगीला आवतण.

टाकी आणि रेग्युलेटर : खरी गडबड इथे

घरची लाल टाकी, म्हणजे १४.२ किलोची, लग्नात, हॉटेलात किंवा रिसॉर्टवर वापरणं कायद्याने चालत नाही. गॅस पुरवठ्याबाबतच्या २००० सालच्या आदेशाखाली तो गुन्हा आहे, टाकी जप्त होते. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडकतो. व्यवसायासाठी १९ किलोची निळी टाकी घ्यावी लागते.

आता अडचण अशी की बाजारातले बरेच हीटर परदेशातल्या छोट्या टाक्यांच्या मापाने बनलेले असतात. १९ किलोची उंच टाकी काही हीटरच्या बुडात बसतच नाही. मग टाकी बाहेर ठेवून लांब नळी जोडतात. वरवर यात काही वावगं वाटत नाही. पण हीटर सव्वादोन मीटर उंच, वर छत्रीचं वजन, आणि त्याला जमिनीवर धरून ठेवणारी वस्तू म्हणजे बुडातली भरलेली टाकी. ती काढून घेतली की हीटर डोक्याने जड होतो. एखादं पोर पळताना आदळलं किंवा वाऱ्याची झुळूक जोरात आली तर तो आडवा होतो. शिवाय बाहेरची नळी पायात येते. टाकी बाहेरच ठेवावी लागली तर बुडात वाळूची पोती ठेवून तेवढंच वजन करावं, काही हीटरच्या बुडात वाळू किंवा पाणी भरायची सोय असते ती वापरावी. खांब साखळीने पक्क्या आधाराला बांधावा. मांडवाच्या बांबूला मात्र बांधू नये. आणि नळी लोकांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरून नेऊ नये.

रेग्युलेटरची चूक याहून महागात पडते. घरच्या शेगडीचा रेग्युलेटर गॅसचा दाब कमी करून सुमारे ३० मिलिबारवर आणतो. आचाऱ्यांच्या भट्टीला लागतो तो हाय प्रेशरचा, चावी फिरवून दाब वाढवता येणारा रेग्युलेटर, आणि त्याचा दाब कित्येक पटींनी जास्त असतो. छत्रीवाल्या हीटरला कमी दाबच लागतो. किती, ते हीटरच्या पाठीवर किंवा बुडाच्या आतल्या पट्टीवर मिलिबारमध्ये लिहिलेलं असतं. कार्यात मात्र आचाऱ्याचा भट्टीचा रेग्युलेटर हाताशी असतो, ‘बसतोय ना, लाव’ म्हणून तोच लावला जातो. मग ज्योत छत्रीबाहेर येते, नॉबच्या आतली झडप फाटते, सांध्यांतून गॅस सुटतो. पट्टीवरचा दाब आणि रेग्युलेटरवरचा दाब जुळत नसेल तर हीटर पेटवू नये. पट्टीच निघून गेली असेल तर तो हीटर मालकाला परत पाठवलेला बरा.

नळी म्हणजे केशरी रंगाची, आत तारेची जाळी असलेली ‘सुरक्षा’ नळी. तिच्यावर साल छापलेलं असतं, पाच वर्षांनी ती बदलायची. त्याआधीही भेग, फुगवटा किंवा उंदराने कुरतडल्याची खूण दिसली तर लगेच बदलायची. दोन तुकडे जोडून, चिकटपट्टी गुंडाळून चालवायची नाही. हिरवी, पांढरी पाण्याची नळी गॅसला लावलेली पाहिली तर लावणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवावं.

टाकीच्या गळ्यातल्या पट्टीवर एक अक्षर आणि सालाचे शेवटचे दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत टाकीची चाचणी व्हायला हवी असा त्याचा अर्थ. तारीख उलटून गेलेली टाकी एजन्सीकडून घेऊच नये.

एक नियम लॉनवाल्यांनी लक्षात ठेवण्यासारखा. परवान्याशिवाय एका ठिकाणी १०० किलोपेक्षा जास्त एलपीजी साठवता येत नाही. १९ किलोच्या पाच टाक्या म्हणजे ९५ किलो. आचाऱ्याच्या चार आणि हीटरच्या चार झाल्या की मर्यादा केव्हाच ओलांडली जाते, आणि सहसा कोणी मोजत नाही.

जागा कुठली?

जमीन सपाट आणि घट्ट हवी. उसाच्या, गव्हाच्या किंवा ज्वारीच्या रानात लावताना हीटरभोवतीचं वाळलं गवत, पाचट, धसकटं काढून जागा मोकळी करावी. कडब्याची गंजी, भुश्याची पोती, डिझेलचा ड्रम, जनरेटर यांच्यापासून शक्य तितकं लांब.

माहितीपत्रकांत सहसा वर दोन-तीन फूट आणि बाजूंना तीन फूट मोकळी जागा सांगितलेली असते. ते अंतर पक्क्या बांधकामासाठी धरावं. आपल्या मांडवात वर कापडी छत, खाली लोंबणाऱ्या झालरी, प्लास्टिकची फुलं आणि थर्माकोल असतो. हे सगळं झटकन पेट घेतं आणि वितळून थेंब थेंब खाली पडतं. कापडी छताखाली हीटर नकोच, मांडवाच्या कडेला उघड्या आभाळाखाली लावावा. स्टेजजवळ तर अजिबात नको. तिथे नवरीचा शालू, पडदे आणि वायरी सगळंच एका जागी असतं.

वारा सुटला असेल, झाडाच्या बारीक फांद्या सारख्या हलत असतील, तर हीटर लावू नये. ज्योत विझते आणि हीटर कलंडायची भीती असते. पावसाचंही तसंच. काचेच्या नळीत ज्योत दिसणारे त्रिकोणी हीटरही आता भाड्याने मिळतात. त्यांची तापलेली काच गार पाण्याच्या शिंतोड्याने तडकू शकते.

पेटवताना

टाकी बसवली की आधी साबणाचं पाणी. वाटीभर पाण्यात भांड्याचा साबण घोळवायचा, फेस ब्रशने किंवा बोटाने रेग्युलेटरच्या सांध्यावर, नळीच्या दोन्ही टोकांवर, नॉबच्या मागे लावायचा. नॉब बंद ठेवूनच टाकी उघडायची आणि बघायचं. बुडबुडा फुगला की तिथून गॅस सुटतोय. टाकी बंद करून सांधा घट्ट करायचा, वायसर बघायचा, परत साबण लावायचा. काडी ओढून गळती शोधणारे महाभाग अजून आहेत, त्यांच्या हातातली काडी आधी काढून घ्यावी.

हे करायला पाच मिनिटं लागतात, आणि वऱ्हाड यायच्या गडबडीत हीच पाच मिनिटं पहिली वगळली जातात.

गळती नसेल तर नॉब ‘पायलट’वर आणून आत दाबायचा. नळीतली हवा निघून गॅस वर यायला अर्धा मिनिट तरी लागतो, तोवर दाबून धरायचा. मग ठिणगीचं बटण दाबायचं. बारीक ज्योत लागली की नॉब आणखी अर्धा मिनिट दाबूनच ठेवायचा. तिथे थर्मोकपल नावाची छोटी कांडी असते, ती तापली की गॅसची झडप आपोआप उघडी राहते. नॉब सोडल्यावर ज्योत टिकली तर हळूहळू मोठी करायची. नाही पेटली तर नॉब बंद करून पाच मिनिटं थांबायचं. सुटलेला गॅस उडून जायला हवा. लागोपाठ बटण दाबत राहिलं तर साचलेला गॅस एकदम भडकतो, आणि त्या वेळी माणसाचं तोंड नेमकं वर जाळीकडे असतं. पेटवताना बाजूला उभं राहावं, वाकून बघू नये.

नॉब सोडला की ज्योत विझते, सारखीच विझते, तेव्हा काही जण काडी किंवा रबर लावून नॉब कायमचा दाबून ठेवतात. याच्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. वाऱ्याने ज्योत विझली तर गॅस बंद करणारी व्यवस्था हीच, तीच मारून टाकली म्हणजे न जळलेला गॅस मांडवात सुटत राहणार. हा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, खाली जमिनीवर पसरतो, चरात, खड्ड्यात, स्टेजखाली साचतो आणि लांबच्या ठिणगीनेही पेटतो. हीटर कलंडला की गॅस तोडणारी दुसरी व्यवस्था असते, तिची वायर ‘उगाच बंद पडतो’ म्हणून जोडून टाकलेली असेल तर तो हीटरही वापरू नये.

नीट पेटलेल्या हीटरची ज्योत निळी असते, टोकाला जरा पिवळी. जाळी सारखी लाल होते. ज्योत सगळीच पिवळी, लवलवती असेल, छत्रीला काजळी धरत असेल, डोळे चुरचुरत असतील तर बर्नरला हवा कमी पडते आहे. बंद करायचा.

कार्यक्रम चालू असताना

प्रत्येक हीटरमागे कोणाचं तरी लक्ष हवं, आणि ते कोणाचं हे आधी ठरलेलं हवं. ‘सगळेच आहेत’ म्हणजे कोणी नाही. भोवती चार खुर्च्या उलट्या मांडून किंवा दोरी बांधून तीन फुटांचं रिंगण केलं की लहान मुलं लांब राहतात. म्हाताऱ्या माणसांना ऊब हवी म्हणून त्यांची खुर्ची अगदी खांबाला टेकवतात. तसं करू नये, सिंथेटिक शाल आणि नायलॉनची साडी नुसत्या तापानेही वितळते. ओलं उपरणं, पोरांचे मोजे वाळत घालायला ही जागा नव्हे.

पेटलेला हीटर हलवायचा नाही. फोटोसाठीही नाही. बंद करून अर्धा तास गार होऊ द्यायचा, मग ओढायचा.

मध्यरात्रीकडे ज्योत बारीक होऊ लागते आणि टाकीला बाहेरून दव किंवा पांढरा बर्फ धरलेला दिसतो. टाकी खराब झालेली नसते. आतला पातळ गॅस वायू होताना उष्णता ओढतो, थंडीत त्याला ती पुरेशी मिळत नाही, म्हणून दाब पडतो. टाकीत गॅस कमी असेल तर हे लवकर होतं. अशा वेळी टाकीवर गरम पाणी ओतणं, बाजूला शेकोटी पेटवणं, टाकी आडवी करणं, गदगदा हलवणं हे सगळे प्रकार बंद. टाकी आडवी केली तर वायूऐवजी पातळ गॅसच नळीत येतो आणि ज्योतीचा भडका होतो. ज्योत कमी करून चालवायचा किंवा टाकी बदलायची. बदलताना आजूबाजूला विडी, शेकोटी, दुसरा पेटता हीटर नको.

खर्चाचा हिशोबही इथेच सांगायला हरकत नाही. पूर्ण ज्योतीवर १९ किलोची टाकी अठरा-वीस तास जाते. तीन हीटर चार तास चालले तर १२ किलो गॅस गेला. ऊब मिळते ती तीस-चाळीस माणसांना. पाचशे पानांच्या लग्नात त्या पैशात वयस्कर पाहुण्यांना शाली देता येतात, हा विचार यजमानाने एकदा करून बघावा.

उठल्यावर आणि पावसाळ्यानंतर

संपल्यावर आधी नॉब बंद, मग टाकी बंद, रेग्युलेटर काढून टाकीच्या तोंडावर टोपी घट्ट. टाकी उभीच ठेवायची, हवेशीर जागी. तळघरात, बंद गोदामात, माणसं झोपतात त्या खोलीत नाही. रिकामी टाकीसुद्धा पूर्ण रिकामी नसते.

हीटर मात्र महिनोन्महिने गोदामात पडून राहतो, आणि खरी नासाडी तिथे होते. कोळी बर्नरच्या आणि पायलटच्या बारीक नळीत जाळं करतो. कुंभारीण माशी भोकं शोधून मातीचं घर बांधते. पाली अंडी घालतात, उंदीर नळी चावतात. एवढ्याशा जाळ्याने हवेचं भोक अडलं तरी गॅस चुकीच्या ठिकाणी जळतो, ज्योत पिवळी पडते, कधी बर्नरऐवजी खाली नॉबपाशी पेट घेते. म्हणून हंगामाचा पहिला दिवस लग्नाच्या मांडवात नको. आठ दिवस आधी हीटर बाहेर काढून, टाकी न जोडता, जाळी आणि बर्नर मऊ ब्रशने झाडून, नळ्यांत पंपाने हवा मारून साफ करावा. जेटच्या भोकात तार किंवा सुई घालू नये. भोक केसभर मोठं झालं तरी ज्योत बिघडते. थर्मोकपलच्या टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरने पुसली की ‘नॉब सोडला की विझतो’ ही तक्रार बहुतेक वेळा मिटते. नाही मिटली तर ती कांडी बदलावी, स्वस्त असते.

थर्मोकपल काम करतं का, हे घरच्या घरी तपासता येतं. हीटर उघड्यावर पेटवून काही मिनिटं चालू द्यायचा. नॉब तसाच ठेवून टाकी बंद करायची. ज्योत विझल्यावर मिनिट-दीड मिनिटात नॉबच्या आतून ‘टक्’ असा आवाज यायला हवा. आला म्हणजे झडप मिटली. आवाज आलाच नाही तर मिस्त्रीकडे न्यावा. नंतर नॉब बंद करायला विसरू नये. छत्री आणि खांब साध्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरडे करून, गोणपाट नाही तर कव्हर घालून ठेवावेत. बर्नरच्या तोंडाला कापड बांधलं तर कोळी आणि माशी आत जात नाहीत, फक्त पेटवण्याआधी ते काढलं पाहिजे.

गळती, आग, भाजणं

गॅसचा वास आला तर नॉब आणि टाकी बंद करायची, माणसं लांब करायची, आसपासची शेकोटी आणि विडी-सिगारेट विझवायची. जवळची लाइटची बटणं चालू-बंद करायची नाहीत. गॅस गळतीसाठी १९०६ हा क्रमांक चोवीस तास चालतो.

सांध्याला आग लागली आणि हात पोचत असेल तर ओलं गोणपाट किंवा जाड सुती चादर हाताभोवती धरून टाकीची चावी बंद करायची. गॅस बंद झाला की आग आपोआप विझते. गॅस बंद होत नसेल तर ज्योत विझवायच्या मागे लागू नये. विझलेली ज्योत आणि सुटत राहिलेला गॅस हे जळत्या ज्योतीपेक्षा वाईट. माणसं हटवून लांबून टाकीवर पाणी मारत राहावं, आणि टाकीच आगीत सापडली असेल तर तेही न करता सगळ्यांना लांब न्यावं. १०१ किंवा ११२ ला फोन करावा. प्रत्येक लॉनवर पावडरचा अग्निशामक असायला हवा, तो मांडवाच्या कोणत्या खांबाला आहे आणि त्याची तारीख काय, हे हीटर पेटवणाऱ्या पोराला संध्याकाळीच दाखवून ठेवावं.

भाजलं तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं वाहतं पाणी. बर्फ नाही, हळद नाही, टूथपेस्ट नाही, शाई नाही. चिकटलेलं कापड ओढायचं नाही. हातातल्या बांगड्या-अंगठ्या सूज यायच्या आत काढायच्या, स्वच्छ कोरड्या सुती कापडाने सैल झाकायचं आणि दवाखाना गाठायचा. तोंड किंवा गळा भाजला असेल, आवाज बसला असेल तर जखम लहान दिसली तरी १०८ बोलवायची.